गोंडा नको, कान ठेवा

कोल्हापुरात राहून कोल्हापुरी न वापरणारे बरेच आहेत आणि पस्तिशीपर्यंत मीही त्यांच्यातलीच होते. बायकांसाठी म्हणून दुकानांत दाखवले जाते ते बहुधा पातळ तळाचे, जरीच्या पट्ट्याचे, लग्नघरात शोभेल असे पायताण असते. मी मात्र रोज सुती साडी नाहीतर खादीचा कुर्ता घालून कचेरीत जाते. मला हवी होती ती कापशी नावाची कोल्हापुरी, जाड तळाची, रुंद पट्ट्याची, चालताना कर्रकर्र वाजणारी, जी आमच्याकडे पुरुषांच्याच पायांत पाहण्याची सवय आहे. ती माझ्या मापाची करून मिळावी म्हणून शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनमधील एका लहान दुकानात गेले. त्या दुकानाविषयीचे हे मत.

मालकांनी प्रथम, "ताई, ही जड पडंल तुम्हाला, बायकांचं नाजूक दाखवतो की," असे म्हणून चार जोड पुढे मांडले. "मामा, जड असू दे, पण माझ्या मापाची करा," असे सांगितल्यावर मात्र त्यांनी पुन्हा एका शब्दाने हटकले नाही, आणि मला या दुकानाचे हेच सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. कागदावर दोन्ही पाय ठेवून त्यांच्याभोवती पेन्सिलीची रेघ ओढली गेली (उजवा पाय डाव्याहून किंचित मोठा आहे, हे मला इतक्या वर्षांनी तेथे समजले), आणि मग एकेक प्रश्न सुरू झाला: अंगठा (पायाचा अंगठा अडकवायची वादी) किती सैल ठेवायचा, वेणी रुंद की अरुंद, गोंडा हवा का, कान (तळाच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या कातडी पाळ्या) केवढे, रंग द्यायचा की कातड्याचा मूळ रंग राखायचा. मी गोंडा आणि जर नाकारली, कान ठेवायला सांगितले आणि रंग नको म्हटले. तयार मालाच्या दुकानात आपण समोर असलेल्यातून एक उचलतो. येथे काय गाळायचे ते सांगता सांगता, आपल्याला नेमके काय आवडत नाही याची माझी मलाच ओळख झाली.

रंग न देण्याचा निर्णय योग्य ठरला. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याचा फिकट तांबूस रंग तेलाने, उन्हाने आणि वापराने गडद होत जातो, त्यामुळे चार महिन्यांनी माझ्या जोडाची छटा दुकानातल्या कोणत्याही जोडाशी जुळत नाही. तळाला एकही खिळा नाही. सगळी शिवण कातड्याच्या वादीची आहे. या पायताणाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या प्रदर्शनात याच घडणीची पायताणे झळकली आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले गेले नव्हते, तेव्हा येथे बरीच चिडचिड झाली. मालकांनी त्यावर काही न बोलता रापी उचलून पुढचे कातडे कापायला घेतले.

आता तक्रारी. दहा दिवसांचा वायदा २४ दिवसांवर गेला आणि प्रत्येक फेरीला "परवा या" हेच उत्तर मिळाले. इतके काटेकोर माप घेऊनही डाव्या चपलेचा अंगठा घट्ट झाला होता. तो त्यांनी पैसे न घेता उसवून पुन्हा बसवून दिला, हे खरे, पण त्यात आणखी एक फेरी गेली. पावतीवर फक्त रक्कम लिहिली जाते. तळाचे आणि पट्ट्याचे कातडे कोणते, हेही लिहून द्यायला हवे. २,६०० रुपये ही किंमत रस्त्यावरच्या जोडांच्या मानाने पुष्कळ आहे, तरी हातकामाचा विचार करता मला ती जास्त वाटली नाही. पहिला आठवडा चप्पल चावते, त्यावर एरंडेलाचा हात हाच उपाय. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मात्र हा जोड फडक्यात गुंडाळून कपाटातच ठेवावा लागतो, आणि त्याचा दोष दुकानाला देता येणार नाही.

आवाजाविषयी मैत्रिणींचे दोन तट पडले आहेत. कचेरीच्या लांब व्हरांड्यातून मी निघाले की टोकाला बसलेला शिपाई साहेब आले असे समजून उठतो, आणि मला पाहून खाली बसायचे की नाही अशा पेचात पडतो. मला तो आवाज आवडतो.

गेल्या रविवारी आईचे माप देऊन आले. तिने घरातून निघतानाच बजावले होते, गोंडा पाहिजे, आणि तोही लाल.