डॉलमेकर मेला, मग ही बाई कोणी मारली? – 'द काँक्रीट ब्लाँड' वाचल्यावर

फुटपाथवरच्या सेकंडहँड गठ्ठ्यात ऐंशी रुपयांना मिळालं हे. मायकल कॉनेलीचं, १९९४ चं, हॅरी बॉश सिरीजमधलं तिसरं. आधीची दोन वाचली नसतील तरी अडत नाही, मी पण हेच पहिलं वाचलं.

तर लॉस एंजेलिसमध्ये एक जण बायकांना मारून त्यांच्या चेहऱ्यावर बाहुलीसारखा मेकअप करायचा, म्हणून त्याचं नाव डॉलमेकर. अकरा खून. एका रात्री पोलीस डिटेक्टिव्ह बॉशला टीप मिळते, हा पठ्ठ्या बॅकअपची वाट न बघता सिल्व्हर लेकमधल्या एका खोलीचं दार लाथेने उघडतो, आत नॉर्मन चर्च नावाचा नागडा माणूस, बॉश ओरडतोय हलू नको आणि याचा हात उशीखाली. गोळी. उशीखाली काय निघतं, तर विग! टकलावर घालायचा विग.

हे चार वर्षांपूर्वीचं, चर्चच डॉलमेकर म्हणून पोलिसांनी फाईल बंद केली. आता चर्चच्या बायकोने केस टाकलीय की माझ्या निर्दोष नवऱ्याला मारलं, आणि ट्रायल चालू असतानाच पोलीस स्टेशनला डॉलमेकर स्टाईलची चिठ्ठी येते. त्यावरून १९९२ च्या दंगलीत जळालेल्या एका बिलियर्ड्स हॉलच्या फरशीखाली, काँक्रीटमध्ये गाडलेली बाई सापडते. मेकअप तोच, पद्धत तीच, फक्त ही मेलीय चर्च गेल्यानंतर. झालं, बंद फाईल परत उघडली. आणि चर्चच्या बाथरूममध्ये जो मेकअप सापडला होता तो अकरापैकी नऊच जणींचा होता, तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नव्हतं. मी पण ती ओळ वाचून सरळ पुढे गेलो होतो राव.

खुनी शोधायचा भाग चांगलाच आहे पण मला खरी मजा आली ती कोर्टात. बायकोची वकील हनी चँडलर, सगळे तिला 'मनी' म्हणतात, ती आणि बॉश ब्रेकमध्ये कोर्टाबाहेर सिगरेटी ओढत नीट गप्पा मारतात आणि आत गेल्यावर ती त्याची अक्षरशः सालं काढते. त्याची आई रस्त्यावर धंदा करायची, तो लहान असताना तिचा खून झाला, खुनी सापडलाच नाही, हे सगळं ती ज्युरीपुढे बाहेर काढते आणि विचारते की चर्चवर गोळी झाडताना तुम्ही पोलीस होतात की त्या बाईचा मुलगा? शब्द माझे, पण रोख हाच. आपण हिरोच्या बाजूने वाचत असतो तरी मनात येतं की बाई चुकीचं काय बोलतेय, थांबला असता दोन मिनिटं तर काय बिघडलं असतं? वर बॉशचा सरकारी वकील बेल्क म्हणजे नुसता घाम पुसणारा गडी. रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी केलेली मारहाण, सुटलेले ते पोलीस आणि नंतरची दंगल ताजी असल्यामुळे ज्युरी पोलिसांकडे कुठल्या नजरेने बघत असेल हे वेगळं सांगायला नको.

कंटाळा कुठे आला? बॉश आणि त्याची मैत्रीण सिल्व्हिया यांचं प्रकरण रबरासारखं ताणलंय, ती म्हणते तू बोलत नाहीस, तो परत गप्प. सायकॉलॉजिस्टची लेक्चरं मी भराभर पलटली. पॉर्न इंडस्ट्रीचं वर्णन वाचवत नाही आणि मेलेल्या बायका माणूस म्हणून फारशा कळतच नाहीत, नाव, फोटो आणि बॉडी एवढंच. पेजर आणि रस्त्यावरचे फोन बूथ मात्र मस्त वाटतात, एक फोन करायला चार पानं धावपळ.

आता एक गंमत. माझ्या कॉपीत आधीच्या मालकाने साधारण मध्यावर एका माणसाच्या नावाखाली पेन्सिलने रेघ मारून बाजूला लिहिलंय, 'हाच!!' वाचून डोकं फिरलं, म्हटलं ऐंशी रुपये पाण्यात. पुढची दीडशे पानं मी त्या माणसाच्या प्रत्येक वाक्यात खोट शोधत बसलो, त्याने कॉफी घेतली तरी संशय, आणि शेवटी निघाला भलताच! त्या पेन्सिलवाल्याने पुढे काहीच लिहिलं नाहीये, लाजला असणार.

'बॉश' वेब सिरीजच्या पहिल्या सीझनमध्ये यातलं कोर्टाचं प्रकरण घेतलंय पण तिथे बऱ्याच गोष्टी बदलल्यात, तर आधी पुस्तक वाचा. पाचपैकी चार. माझी कॉपी सध्या मेव्हण्याकडे आहे, ती पेन्सिल मी खोडलेली नाही.