आधी मुंबई की आधी सिनेमा?

सकाळी डेक्कन क्वीननं निघायचं, मुलांना दक्षिण मुंबई दाखवायची, मोठ्या पडद्यावर एखादा ॲनिमेशनपट बघायचा आणि त्याच गाडीनं पुण्याला परत. आमच्या ओळखीतल्या घरांत दर सुट्टीत हा बेत शिजतो आणि दर वेळी तोच प्रश्न येतो, सिनेमा दिवसात बसवायचा कुठे? मी दोन्ही करून पाहिलंय. एका डिसेंबरात आधी फिरून मग दुपारचा शो, आणि त्यानंतरच्या मे महिन्यात गाडीतून उतरून थेट सिनेमा, मग मुंबई. दोन्ही वेळा लेक बरोबर होती.

गाडी १०.२५ ला सीएसएमटीला टेकते, परतीची ५.१० ला सुटते. हातात पावणेसात तास.

आधी मुंबई या बेताचं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. सकाळी मुलांच्या पायात जोर असतो. म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, सव्वादहालाच उघडतं, आपण पोचतो तेव्हा फारशी गर्दी नसते आणि लघुचित्रांच्या दालनात काचेला नाक लावून निवांत उभं राहता येतं. तिथून गेटवे चालत गाठता येतो. मग जेवण, आणि दमलेल्या पायांना दोन तास गार अंधारात खुर्ची. हिवाळ्यात हे सगळं फार सुखाचं होतं.

तरीही माझं मन या बेतावरून उडालं, ते शेवटच्या वीस मिनिटांमुळे. शो दोनचा होता. जाहिराती, पुढच्या सिनेमांच्या झलका, मध्यंतर, असं करत चार वाजून गेले तरी गोष्ट संपली नव्हती. मी दर दोन मिनिटांनी मनगट वळवून पडद्याच्या उजेडात घड्याळ बघत होतो. चौथ्या-पाचव्यांदा लेकीनं माझा हात धरून खाली दाबला आणि पुटपुटली, "बाबा, नको ना." तिचंही लक्ष तोवर उडालं होतं. शेवटचा प्रसंग संपता संपता आम्ही लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर पडलो. गाडी मिळाली, प्लॅटफॉर्मवर पाच मिनिटं शिल्लकही राहिली. पण श्रेयनामावली राहिली, आणि मला ती हवी होती. त्याच्या आदल्या आठवड्यात तिनं विचारलं होतं, ही चित्रं हलवतं कोण? मी म्हटलं होतं, शेवटी नावं येतात, शेकडो असतात, आपण थांबून बघू. ॲनिमेशनपटात ही नावं म्हणजेच ते हात असतात. कुणी नुसता उजेड बसवलेला असतो, कुणी केस आणि कापड हलवलेलं असतं. ते दाखवायचं कबूल करून मी तिला ओढत बाहेर आणलं, याची रुखरुख लोणावळा गेलं तरी जाईना. डायनिंग कारमधून तिच्यासाठी कटलेट आणलं, ते तिनं खाल्लंही, पण बोलली नाही.

मे महिन्यात उलट केलं. शो सव्वाअकरानंतरचाच घेतला. गाडी थोडी रेंगाळली तरी धाकधूक नको. आता भुयारी मेट्रोही आहे, सीएसएमटी ते चर्चगेट मध्ये एकच हुतात्मा चौक. सिनेमा झाला, दिवे लागले, साफसफाईवाले आत आले तरी आम्ही नावं वाचत बसलो होतो. बाहेर पडलो तेव्हा मुंबईचं डोक्यावरचं ऊन आम्ही आतच काढलं होतं.

मला अपेक्षित नव्हतं ते पुढे घडलं. सिनेमा डोळ्यांत असताना शहर वेगळं दिसतं. ओव्हल मैदानाच्या कडेला उभे राहिलो, एका बाजूला १९३८ चं इरॉस थिएटर, दुसऱ्या बाजूला १८७८ चा राजाबाई टॉवर. एका अंगाला गुळगुळीत वळणं, दुसऱ्या अंगाला दगडी नक्षी. लेक म्हणाली, ही दोन वेगळ्या माणसांनी काढलेली चित्रं आहेत. टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या समाजांच्या लोकांचे २४ पुतळे आहेत. ती मान मागे टाकून मोजायला लागली.

चारलाच सीएसएमटीला परतलो. घाई नव्हती म्हणून ही इमारत पहिल्यांदा नीट बघितली. फाटकाच्या एका खांबावर सिंह बसलाय, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्रजांचा, वाघ हिंदुस्थानचा. वर मोर, माकडं, आणि पावसाचं पाणी तोंडातून बाहेर टाकण्यासाठी घडवलेले प्राणी. यातलं बरंचसं कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलंय. वाघाकडे बघून ती म्हणाली, "हा आत्ता उठणार होता, आपण बघितलं म्हणून थांबला." डिसेंबरात याच वाघासमोरून आम्ही पळत गेलो होतो.

या बेतात म्युझियमला जेमतेम दीड तास मिळतो, हे मान्य. ज्यांना म्युझियमच मुख्य आहे त्यांनी माझं ऐकू नये. मूल फार लहान असेल तर पहाटे उठून गाडीत बसल्यावर अंधारात डुलकी लागायचीही शक्यता आहे, आमच्याकडे तसं झालं नाही. आणि सकाळच्या शोला हिंदी डबिंगही असू शकतं. मूळ आवाजातच बघायचं असेल तर वेळा आधी तपासा.

चांगला सिनेमाच लागलेला नसेल तर पेडर रोडवरचं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय करा. २०१९ मध्ये सुरू झालंय, सोमवारी बंद असतं. जाताना मुलांना सांगा की दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्येच आगकाड्या पडद्यावर नाचवल्या होत्या, एकेक काडी थोडी सरकवून, एकेक चित्र टिपून. आमच्या घरी त्यानंतर आठवडाभर काडेपेटी जागेवर सापडली नाही.

पुढची फेरी जानेवारीत आहे. हवा गार असेल, तेव्हा दुपारच्या शोचाही विचार करता येईल. पण तिकिटं मी सकाळचीच काढणार आहे.