माकडांसाठी घेतलेली दुर्बीण: ८×४२ वापरून एक हंगाम

आधीच सांगते, ही दुर्बीण मी पक्षी बघायला घेतलेली नाही. देवगड तालुक्यात आमची सव्वादोनशे कलमांची हापूस बाग आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती मीच बघते. फळ धरायला लागलं की माकडं कुठल्या कोपऱ्यातून शिरतात ते घरच्या पडवीतून दिसावं, एवढाच हिशोब होता.

याआधी एक २०×५० होती. जत्रेतल्या ठेल्यावर अठराशे रुपयांना घेतली. वीसपट मोठं दिसतं म्हटल्यावर मी भुलले. वीसपट दिसतं खरं, पण हाताची थरथरही वीसपट होते, आणि माकड सापडेपर्यंत ते दुसऱ्या झाडावर गेलेलं असतं. पहिल्याच पावसाळ्यात आतल्या भिंगावर बुरशीची जाळी पसरली. आता ती नातवाकडे खेळायला आहे.

नवीन घेताना आकडे नीट वाचले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच मापाच्या तीन-चार कंपन्यांच्या दुर्बिणी जवळपास सारख्याच निघतील. ८ म्हणजे आठपट, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो, म्हणून झुंजूमुंजू असतानाही झाडाखालचं दिसतं. १०×४२ मध्ये तोच झोत ४.२ होतो. आत नायट्रोजन भरलेला आणि जलरोधक, हे दोन शब्द खोक्यावर नसतील तर कोकणात पैसे टाकू नका. मला साडेनऊ हजारांना पडली. कुरिअरवाला वाडीपर्यंत येत नाही, जामसंड्याला जाऊन आणली.

आता खरी गोष्ट. आमच्या राखणदारानं, तो नेपाळचा, ऑक्टोबरात मला खाडीकडच्या गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, नेलं आणि वर बोट दाखवलं. जुन्या रायवळ आंब्याच्या शेंड्याला काटक्यांचा ढीग, एखाद्या टोपलीच्या दुप्पट. "मॅडम, बडा चील." ती घार नव्हती. पांढरं डोकं, पांढरं पोट, राखाडी पाठ, पाचरीसारखी आखूड शेपटी. समुद्री गरुडाची जोडी! पंख पसरले की दोन मीटरच्या आसपास भरतात. माझ्या सासूबाई त्याला काकण म्हणतात. या गरुडांचं ओरडणं ऐकलं की नाव का पडलं ते कळतं. कँक कँक करत दोघं एकदम सुरू होतात, बदकानं भांडण काढल्यासारखं.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. कॅमेरेवाले येतात आणि झाडाखालीच उभे राहतात. मी गडग्याआड, झाडापासून साधारण १६० मीटरवर बसायचे. आठपट म्हणजे ते २० मीटरवर बसल्यासारखं दिसतं. बघायला एवढं पुरतं आणि त्यांनाही त्रास नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी मादी घट्ट बसली. नरापेक्षा ती ठळक मोठी, त्यामुळे कोण बसलंय ते दुर्बिणीतून ओळखता यायचं. नरही मधूनमधून पाळी घ्यायचा. साधारण चाळीस दिवसांनी, जानेवारीच्या सुरुवातीला, काठावर दोन पांढुरकी डोकी हलताना दिसली. फेब्रुवारीत एकच उरलं. या गरुडांत असं बऱ्याचदा होतं असं नंतर वाचलं, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. नर खाडीतून बोय मासा आणायचा. एकदा समुद्रसाप आणला, पायातून लोंबकळता, आणि सापाच्या अंगावरचे पट्टे मी मोजू शकले. या दुर्बिणीचं एवढं कौतुक पुरे.

सासूबाई पडवीतून विचारायच्या, "काय गो, माकडां राखतंस की पाखरां मोजतंस?" खरं सांगायचं तर त्या वर्षी माकडांनी दोन कलमं साफ केली.

आठपट की दहापट, हा प्रश्न मला एका बहिरी ससाण्यानं सोडवून दिला. हिवाळ्यात तो सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी माळावरच्या, मोबाईल टॉवरवर बसतो. पारव्यांवर सूर मारताना हा पक्षी ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. माझ्या दुर्बिणीत हजार मीटरवर सव्वाशे मीटरच्या आसपास पट्टा मावतो, त्यात तो सूर मारताना मला दोनदा शेवटपर्यंत धरता आला. भाच्याची दहापटीची घेऊन बघितलं तर प्रत्येक वेळी नुसतं आभाळ. बहिरीचाच भाऊबंद शाहीन सह्याद्रीच्या कड्यांवर याच दिवसांत घरटं करतो. तो बघायला घाटावर जायला हवं, आणि मोहोराच्या दिवसांत बाग सोडून मी कुठे जाणार?

चष्मेवाल्यांनी एक बघावं. डोळ्याकडच्या रबरी कड्या फिरवून खाली करता येतात, पण आय रिलीफ, म्हणजे भिंगापासून डोळा जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, निदान १५ मिलिमीटर हवा. नाहीतर चष्म्यातून मधलंच गोल भोक दिसतं. उजव्या डोळ्याची नजर जुळवायचं कडं एकदा जुळवलं की त्यावर नेलपॉलिशचा ठिपका ठेवा, घरातलं कोणीतरी फिरवतंच.

खारा वारा लागून भिंगावर धूसर थर बसायला लागला तेव्हा मी ती चक्क नळाखाली धरली. गोड्या पाण्यानं धुवा असं माहितीपत्रकात लिहिलंय, पण साडेनऊ हजार नळाखाली धरताना हात थरथरतो. काही झालं नाही. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवली. जून ते सप्टेंबर काढून बुरशीचा ठिपकाही नाही.

तक्रारी आहेत. पुढच्या भिंगांची झाकणं दुसऱ्याच आठवड्यात गडग्याच्या फटीत पडली, एक अजून तिथेच आहे. आंब्याचा चीक रबरावर लागला की डाग जात नाही. आणि पट्टा! पाऊण तासात मान धरते. पाचातला एक तारा मी त्या पट्ट्यासाठी कापलाय.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात काढणीवाले गडी आले, त्याच सकाळी पिल्लू घरट्याबाहेरच्या फांदीवर पंख झाडत होतं. अंगानं अजून तपकिरी. आईबापासारखं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं जातात. मी गड्यांना त्या बाजूची कलमं शेवटी घ्यायला सांगितलं. मुकादम कुरकुरला. चौथ्या दिवशी फांदी रिकामी होती, आणि संध्याकाळी ते खाडीवर बापाच्या मागे वेडंवाकडं उडताना दिसलं.

घेणार असाल तर पट्टा वेगळा, रुंद आणि मऊ घ्या. चारशे रुपये वर धरून चला.