भंगारातले शॉकअप पिवळा रंग मारून 'जर्मन' म्हणून बसवले, जुनी ऑडी टीटी, जेटा, लॉरा असणाऱ्यांनी नक्की वाचा

मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा, कारण हा उद्योग पुण्यात अजून चालू आहे आणि तुमच्यापैकी कुणालाही उद्या हेच पिवळे शॉकअप दाखवले जाऊ शकतात.

माझ्याकडे २००९ ची ऑडी टीटी आहे, सेकंड जनरेशन, ८जे म्हणतात ती. मॅग्नेटिक राइड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचे शॉकअप, नाहीत, साधे शॉकअप. गाडीचं वय झालंय त्यामुळे सस्पेन्शन ढिलं पडलं होतं, ताम्हिणीत एका वळणातून दुसऱ्या वळणात टाकली की झुलायची, ब्रेक दाबला की नाक खाली. मला काही ट्रॅकवर पळवायची नाही, रोजचा रस्ता, सुट्टीला घाट आणि आपले स्पीड ब्रेकर, एवढ्यासाठी चांगलं सस्पेन्शन हवं होतं. माहिती काढून बिलस्टाइन या जर्मन कंपनीचे पिवळे शॉकअप, बी६ मॉडेल, घ्यायचे ठरवले, गाडीची उंची कंपनीची आहे तीच ठेवायची आणि फक्त शॉकअप चांगले टाकायचे असतील तर हेच घेतात.

एका गॅरेजवाल्याचं नाव दोघातिघांकडून ऐकलं, भारी भारी गाड्या दारात उभ्या. बोलायला एकदम गोड. "दादा, डायरेक्ट जर्मनीवरून मागवतो, चारही शॉकअप, स्प्रिंग, फिटिंग, अलाइनमेंट सगळं धरून एक लाख चाळीस, याच्यापेक्षा कमीत पुण्यात कुणी दिलं तर मला सांगा." वर म्हणाला गाडी तीस एमएम खाली घेऊ, लूक येईल. मी नको म्हटलं, उंची आहे तीच पाहिजे, तर म्हणे "हे किटच तसं येतं दादा". इथे थांबून एक गोष्ट सांगतो, बी६ कंपनीच्या उंचीसाठी असतो, लोअरिंग स्प्रिंग टाकायच्या असतील तर त्याच कंपनीचा बी८ येतो, त्याची लांबी कमी असते. जो माणूस बी६ विकतो आणि वर गाडी खाली घेऊ म्हणतो त्याला एकतर माल माहीत नाही किंवा त्याच्याकडे तो मालच नाही. दुसरं म्हणजे फोक्सवॅगनच्या या फॅमिलीच्या गाड्यांना (गोल्फ ५, जेटा, स्कोडा लॉरा, टीटी) पुढच्या स्ट्रटचा, म्हणजे स्प्रिंगच्या आत बसणाऱ्या पुढच्या शॉकअपचा, व्यास ५० आणि ५५ एमएम असा दोन प्रकारचा येतो, ऑर्डर द्यायच्या आधी मोजून घेतात. यांनी काहीच मोजलं नव्हतं.

अर्धे पैसे ॲडव्हान्स ट्रान्सफर केले. मग व्हॉट्सॲपवर खोक्यांचा फोटो आला, "माल आला दादा". गाडी सोडली, परत घेताना चाकाच्या मागून पिवळा शॉकअप चकचकीत दिसत होता, गाडीही खाली बसलेली. जुने पार्ट मागितले तर भंगारवाला घेऊन गेला म्हणे. पक्कं बिल मी पहिल्यापासून मागत होतो, हातात जे ठेवलं त्यावर फक्त 'सस्पेन्शन वर्क' आणि रक्कम, ना पार्ट नंबर ना कंपनीचं नाव. अलाइनमेंटचा कागद दिला त्यावर मॉडेल पोलो लिहिलेलं. विचारलं तर "मशीनमध्ये टीटी सेव्ह नाही दादा, व्हॅल्यू सेमच असतात". अजिबात सेम नसतात, पोलोला मागे सरळ बीम असतो, टीटीला मागे मल्टीलिंक आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वेगळे आर्म, त्याचा कॅम्बर आणि टो हे चाकाचे दोन्ही कोन सेट करावे लागतात.

चांदणी चौक ते पिरंगुट एवढ्यातच कळलं की काहीतरी गडबड आहे. गाडी कडक झाली होती पण रस्त्याला धरून नव्हती, एका उंचवट्यावरून गेली की दोनतीनदा उडत राहायची आणि स्पीड ब्रेकर उतरताना पुढून ठक्क असा आवाज. बायको शेजारी बसलेली, ती म्हणाली खालून काहीतरी सुटलंय, थांबव. फोन केला तर "नवीन आहे दादा, सेट व्हायला हजार किलोमीटर लागतात".

मित्राच्या ओळखीने एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, पुढचं चाक काढलं आणि काही न बोलता स्प्रिंगच्या आतला रबरी बूट, म्हणजे दांडीवरचं कव्हर, वर सरकवला. आत बोटाएवढी चकचकीत दांडी. म्हणाले, "हे बघा, या गाडीचा बिलस्टाइन बी६ चा पुढचा स्ट्रट उलटा असतो, आत एवढी बारीक दांडी नाही दिसणार, मनगटाएवढा जाड पाइप दिसतो. हा साधा शॉकअप आहे." मग थिनरचं फडकं घेऊन पिवळा रंग पुसला, एका मिनिटात खाली काळा रंग आणि त्यावर अर्धवट घासलेला नंबर, सुरुवात १के० ने. टीटीच्या स्वतःच्या शॉकअपचा नंबर ८जे० ने सुरू होतो, १के० म्हणजे गोल्फ ५ च्या फॅमिलीचा, जो जेटा आणि लॉरालाही बसतो. म्हणजे कुठल्यातरी भंगारात गेलेल्या जेटाचे किंवा लॉराचे शॉकअप स्प्रे मारून माझ्या गाडीला लावले होते. एक तर तेलाने ओला होता.

स्प्रिंग बघितल्यावर मात्र मला घामच फुटला. त्या माझ्याच जुन्या स्प्रिंग होत्या, ग्राइंडरने एक वेढा कापलेला, टोकाला कापल्याची चमक तशीच. काकांनी गाडी वर असतानाच हाताने फिरवून दाखवली, स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल फिरत होती. चाक हवेत लटकलं की ती जागेवरून सरकू शकते, आणि ही गाडी घेऊन मी घाटात जाणार होतो. खालच्या आर्मचे बोल्टसुद्धा चाकं लटकत असताना आवळलेले, त्यामुळे रबरी बुश पिळले गेले होते, ते बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर असताना आवळायचे असतात. आर्मचे बुशही बदलावे लागले.

परत गॅरेजवर गेलो तर दादाचा एकदम "कोण तुम्ही" झाला. म्हणे तुम्ही बाहेर बदलून घेतले असणार. खोक्यांचा फोटो इंटरनेटवर शोधला तर बाहेरच्या देशातल्या कुणाच्या तरी विक्रीच्या जाहिरातीतला निघाला.

आता गाडीला सॅक्स कंपनीचे साधे शॉकअप आणि कंपनीच्या उंचीच्या नवीन स्प्रिंग आहेत, गाडी छान चालते. काकांनी प्रत्येक खोकं माझ्यासमोर उघडलं, पार्ट नंबर बिलावर लिहिला आणि निघालेला सगळा माल डिकीत टाकून दिला, तोच आता माझा पुरावा आहे. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, तिथून गॅरेजला विचारणा गेली तर उत्तरच नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देतोय. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे ज्यांना गेल्या दोन वर्षांत अशीच टोपी घातली गेली असेल त्यांचीही वेळ गेलेली नाही. बँकेच्या ट्रान्सफरची नोंद, व्हॉट्सॲपचे मेसेज, थिनरने पुसतानाचा व्हिडिओ, सगळं जोडलंय. तुमच्या गाडीखाली असले पिवळे शॉकअप असतील तर घाटात न्यायच्या आधी पुढचं चाक काढून तो बूट वर करून बघा, आणि दांडी बारीक निघाली तर मला मेसेज करा, अर्ज सोबतच देऊ.