गंगेला पूर आला की लोकल केबलच लावा

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, हे नाशिककरांना लोकल केबलच्या बातम्यांइतकं नेमकं कुठेच मिळत नाही. रामकुंडावरचा कॅमेरा एकाच जागी रोखलेला असतो, म्हणून पायरी-पायरीने चढणारं पाणी दिसतं. हे काम खरंच मोलाचं!

मालकी मात्र बघा. असं चॅनेल बहुतेकदा केबल कंपनीच्याच घरचं असतं, त्यामुळे डीटीएच घेतलं की ते गेलं. केंद्राच्या 2022 च्या नियमांनुसार त्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ असं लिहिलेलं हवं. केबलच्या दरांवरची टीका तिथे शोधू नका.

जाहिरात लागली की आवाज एकदम चढतो. खालची पट्टीही फार पळते. लासलगावच्या कांद्याचा भाव वाचेपर्यंत निघून जातो.