रास्पबेरी पाय ४ आणि रेट्रोपाय: जुन्या आर्केडसाठी अजूनही हीच जोडी

१९८० पासून नव्वदीच्या मध्यापर्यंतचे टूडी आर्केड गेम टीव्हीवर नीट खेळायचे असतील, तर रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरचा २ जीबी मेमरीचा बोर्ड घ्यावा आणि त्यावर रेट्रोपाय ४.८ हे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर टाकावं. ४ किंवा ८ जीबीसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. निओ जिओ या जुन्या आर्केड यंत्राचे सगळ्यांत मोठे गेमही ७०० मेगाबिटांच्या आसपासचे, म्हणजे शंभर एमबीच्या आतलेच आहेत.

पाय ५ जास्त वेगवान आहे यात वाद नाही. पण रेट्रोपायची मार्च २०२२ मधली तयार इमेज (कार्डावर जशीच्या तशी लिहायची फाइल) त्यावर चालत नाही. आधी रास्पबेरी पाय ओएस लाइट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून मग सेटअप स्क्रिप्ट चालवावी लागते, ५ अँपिअरच्या अडॅप्टरची शिफारस असते आणि हेडफोनचा जॅकही त्या बोर्डवर नाही. पॅक-मॅन किंवा स्ट्रीट फायटर २ ला त्या जादा ताकदीचा काही उपयोग नाही. पाय ५ आधीच हाताशी असेल तर बॅटोसेरा हे रेट्रोपायसारखंच सॉफ्टवेअर टाकून बघा.

इन्स्टॉलेशन सोपं आहे. रास्पबेरी पाय इमेजरमध्ये रेट्रोपाय निवडायचं, ३२ जीबीच्या ए१ दर्जाच्या मायक्रोएसडी कार्डावर लिहायचं आणि बोर्ड चालू करायचा. जॉयस्टिकची बटणं नेमून द्यायची आणि हॉटकी म्हणून सिलेक्ट ठेवायचं, म्हणजे सिलेक्ट आणि स्टार्ट एकत्र दाबलं की गेममधून बाहेर येता येतं. वायफाय जोडलं की घरच्या नेटवर्कवर ‘रेट्रोपाय’ नावाचं शेअर दिसतं. त्यातल्या ‘रॉम्स’मधल्या ‘आर्केड’ फोल्डरमध्ये गेमच्या झिप फाइल्स टाकायच्या. इथवर अर्धा तास पुरतो.

खरी डोकेदुखी सुरू होते ती यानंतर. गेम निवडला, स्क्रीन काळी झाली आणि पुन्हा मेनू आला, असं झालं की बहुतेक जण बोर्डाला दोष देतात. दोष जवळजवळ नेहमी रॉमसेटच्या, म्हणजे मूळ यंत्राच्या चिपमधून वाचून काढलेल्या फाइल्सच्या संचाच्या, व्हर्जनमध्ये असतो. मेम हा इम्युलेटरचा, म्हणजे जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, प्रकल्प १९९७ च्या फेब्रुवारीत सुरू झाला आणि मूळ यंत्रं जशीच्या तशी नोंदवून ठेवणं हा त्याचा हेतू आहे. एखादी चिप नव्याने, अधिक बिनचूक वाचली गेली की झिपमधल्या फाइल्स बदलतात, वाढतात किंवा त्यांची नावं बदलतात. त्यामुळे एका व्हर्जनसाठी बनलेली झिप दुसऱ्या व्हर्जनला अपुरी वाटते.

रेट्रोपायमध्ये एकाच वेळी अनेक पिढ्यांचे इम्युलेटर असतात. मेम४ऑलला ०.३७बी५ चा सेट लागतो, मेम २००३ ला ०.७८ चा, मेम २०१० ला ०.१३९ चा आणि फायनलबर्न निओला ताज्यात ताजा. आमचा सल्ला असा: फायनलबर्न निओपासून सुरुवात करा. कॅपकॉमचे सीपीएस-१, सीपीएस-२ आणि निओ जिओ हे तिन्ही हार्डवेअर पाय ४ वर त्यात पूर्ण वेगाने चालतात, सीपीएस-३ सुद्धा. त्यात नसलेल्या गेमपुरतंच मेम २००३ प्लस वापरा.

महाराष्ट्रातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ या नावाने गाजलेला गेम म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्याच्या मूळ सेटचं नाव ‘डिनो’ आणि अमेरिकी आवृत्तीचं ‘डिनोयू’. स्प्लिट प्रकारच्या सेटमध्ये ‘डिनोयू’च्या झिपमध्ये फक्त वेगळ्या असलेल्या फाइल्स असतात, बाकीचं सगळं ‘डिनो’मधून घेतलं जातं. म्हणून नुसती ‘डिनोयू’ टाकली तर गेम उघडणारच नाही. निओ जिओच्या प्रत्येक गेमला त्याच फोल्डरमध्ये ‘निओजिओ’ नावाची बायोस झिप (मूळ यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम) लागते. झिप उघडायची नाही आणि तिचं नावही बदलायचं नाही, कारण इम्युलेटर गेम ओळखतो तो नावावरूनच. नेमकं काय अडलं हे शोधायला ‘रनकमांड’चा, म्हणजे रेट्रोपायमधल्या गेम सुरू करणाऱ्या भागाचा, लॉग उघडा, सापडत नसलेल्या फाइलचं नाव बहुतेक वेळा तिथे मिळतं. संपूर्ण संच तपासायचा असेल तर क्लरमेमप्रो हा प्रोग्रॅम आणि त्या इम्युलेटरच्या व्हर्जनची डॅट फाइल (लागणाऱ्या फाइल्सची यादी) वापरावी.

गेम सुरू होताना दिसणाऱ्या छोट्या चौकटीवेळी कोणतंही बटण दाबलं की त्या एका गेमसाठी वेगळा इम्युलेटर निवडता येतो. रेट्रोपायची आम्हाला सर्वांत आवडणारी सोय हीच.

चित्राच्या हालचालीबद्दल एक तक्रार सतत ऐकू येते: ‘मॉर्टल कॉम्बॅट अडखळतो.’ टीव्ही ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर, चालतो, मूळ मॉर्टल कॉम्बॅट मात्र सुमारे ५४.७ हर्ट्झवर. आर-टाइप ५५ वर. रेट्रोआर्क (रेट्रोपायमधले बहुतेक इम्युलेटर ज्याच्या आत चालतात तो प्रोग्रॅम) गेमचा वेग ५ टक्क्यांपर्यंत टीव्हीशी जुळवून घेतो. त्यामुळे निओ जिओचे ५९.१८ किंवा पॅक-मॅनचे ६०.६ हर्ट्झ सहज खपून जातात. ५४.७ आणि ६० मधलं अंतर त्या मर्यादेबाहेरचं आहे, म्हणून तिथे झटके जाणवतात. हा बोर्डाचा कमकुवतपणा नाही, महाग पीसीवरही ६० हर्ट्झच्या पडद्यावर हेच घडतं.

बटण दाबणं आणि पडद्यावर ठोसा बसणं यांतला उशीर कमी करायला आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. एवढ्यानेच सर्वांत मोठा फरक पडतो. मग रेट्रोआर्कमध्ये थ्रेडेड व्हिडिओ बंद करा आणि रन-अहेड (गेम आतून थोडा पुढे चालवून उशीर कमी करणारी सोय) १ फ्रेम ठेवा. १ फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंदांची बचत. त्यापुढे गेलात तर हालचालीतल्या फ्रेम गळायला लागतात. टीव्ही फोर-के असेल तर आउटपुट १०८० वर बांधून ठेवा. जुन्या ट्यूबच्या टीव्हीचा भास हवा असेल तर ‘सीआरटी-पाय’ शेडर (चित्रावर चढवायचा इफेक्ट) घ्या, तो याच बोर्डांसाठी लिहिलेला आहे. भारी शेडर लावले की पाय ४ दमतो.

वीजपुरवठ्यात काटकसर करू नका. मोबाइलच्या चार्जरवर बोर्ड चालू होतो खरा, पण बारीक केबलमधून व्होल्टेज पडतं आणि ते ४.६३ च्या खाली गेलं की कोपऱ्यात विजेचं चिन्ह झळकतं. मग प्रोसेसरचा वेग उतरतो आणि आवाज तुटायला लागतो. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अधिकृत अडॅप्टर घ्या. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) या कमांडचं उत्तर ०एक्स० आलं तर सगळं ठीक. ०एक्स५०००५ आलं तर या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि वेगही कापला गेलाय. ८० अंशांवर उष्णतेमुळेही वेग कापला जातो, म्हणून बंद लाकडी कॅबिनेटमध्ये हीटसिंक आणि छोटा पंखा हवाच.

कॅबिनेट बनवणाऱ्यांनी सान्वा कंपनीची जेएलएफ जॉयस्टिक आणि साधा यूएसबी एन्कोडर (जॉयस्टिक आणि बटणं बोर्डाला जोडणारं सर्किट) घ्यावा, ५ पिनांची केबल थेट बसते. बटणांच्या वायरी मागवताना टोकांची रुंदी बघा: सान्वाच्या ३० मिमी बटणांना २.८ मिमीची टोकं लागतात, मायक्रोस्विचवाल्या अमेरिकी धाटणीच्या बटणांना ४.८ मिमीची. पॅक-मॅन आणि डाँकी काँगला चारच दिशा असतात. आठ दिशांच्या चौकटीत कोपऱ्यावर वळताना पॅक-मॅन अडतो, म्हणून जेएलएफच्या खालची चौकट ४५ अंशांत फिरवून बसवा. एकसारखे दोन एन्कोडर लावलेत तर ते ठरावीक यूएसबी पोर्टमध्येच ठेवा, नाहीतर पहिला आणि दुसरा खेळाडू यांची अदलाबदल होते.

‘दहा हजार गेम भरलेलं कार्ड’ अजिबात विकत घेऊ नका. रॉमवर मूळ कंपन्यांचे हक्क आहेत आणि रेट्रोपाय स्वतः एकही व्यावसायिक गेम देत नाही. शिवाय अशा कार्डांत एकाच गेमचे क्लोन (किरकोळ फरकाच्या आवृत्त्या) भरलेले असतात आणि वेगवेगळ्या व्हर्जनच्या सेटची खिचडी असते. ग्रिडली, रॉबी रोटो यांसारखे काही गेम त्यांच्या हक्कधारकांनी बिगर-व्यावसायिक वापरासाठी खुले केले आहेत, ते मेमच्या साइटवर मिळतात.

आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइल सिस्टिम बिघडू शकते. खेळून झालं की मेनूतूनच शटडाउन करा, थेट बटण बंद करू नका. बटणं, शेडर, गेमवार इम्युलेटर असं सगळं मनासारखं बसलं की त्याच दिवशी कार्डाची पूर्ण इमेज कॉम्प्युटरवर काढून ठेवा.