गेस्ट गेले, वास राहिला: ओझोन मशीन, एन्झाइम, रंगकाम की सरळ डिपॉझिट कापायचं?

लोणावळा, अलिबाग, गोवा, कुठेही घर रोजाने देत असाल तर सोमवारची सकाळ ओळखीची असेल, ग्रुप गेला, दार उघडलं की भपकाच येतो, आणि कोणालाही विचारा, कोणी ओझोन मशीन (वास मारायला खोलीत ओझोन वायू सोडणारं यंत्र) घे म्हणतं, कोणी कापूर लाव म्हणतं, कोणी म्हणतं रंगच मारून टाक. मी लोणावळ्यात एक टूबीएचके देतो त्यामुळे यातलं बरंचसं वापरून झालंय. माझं म्हणणं एवढंच, की वास कशाचा आहे आणि पुढचा चेकइन कधी आहे या दोन गोष्टी कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

सगळ्यात आधी बाथरूम बघा, कारण अर्ध्या वेळा वास गेस्टचा नसतोच. घर आठवडाभर बंद राहिलं की जाळीखालच्या नाहणी ट्रॅपमधलं (गटाराचा वास अडवायला जिथे पाणी साठून राहतं तो भाग) पाणी सुकतं आणि गटाराचा वास थेट वर येतो. प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता, झालं. घर जास्त दिवस बंद राहणार असेल तर पाण्यावर चमचाभर गोडं तेल सोडा म्हणजे पाणी लवकर उडत नाही (खोबरेल नको, थंडीत गोठतं). याला खर्च शून्य, म्हणून हे पहिलं.

आता सिगारेट. इथे खरी तुलना ओझोन मशीन आणि धुणं-पुसणं यांच्यात आहे. ओझोन हवेतला आणि वरवरचा वास मारतो हे खरं, पण भिंतीत, पडद्यात, सोफ्याच्या फोममध्ये मुरलेला धूर तसाच राहतो आणि दमट दिवस आला की परत वर येतो. शिवाय वास जाईल इतका ओझोन सोडायचा तर खोलीत माणूस, कुत्रा, झाड काहीही असून चालत नाही, तो फुप्फुसाला वाईटच, त्यामुळे केअरटेकरला नीट समजावून सांगावं लागतं की मशीन चालू असताना आत डोकवायचं नाही आणि नंतर सगळ्या खिडक्या उघडून चांगली हवा खेळल्याशिवाय तर नाहीच. वारंवार वापरलं तर रबरही खराब होतं, फ्रिजच्या दाराचं गॅस्केट वगैरे. म्हणजे संध्याकाळी चेकइन असेल तर ओझोन बाद, मधे एक-दोन दिवस मोकळे असतील आणि बाकी सगळं धुऊन झालेलं असेल तर शेवटचा हात म्हणून ठीक.

एका वीकेंडच्या धुरासाठी मला धुणंच जास्त पटतं. पडदे, बेडकव्हर, उशांच्या खोळी, सोफ्याची कव्हरं सगळी मशीनमध्ये, पंख्याची पाती पुसायची, आणि एसी! एसी चालू असताना आत सिगारेट ओढली की धूर सगळा कॉइलमधून फिरतो, नुसता फिल्टर धुऊन भागत नाही, जेट सर्व्हिस (जोराच्या पाण्याने आतली कॉइल धुणं) करून घ्यावी लागते, नाहीतर पुढचा गेस्ट एसी लावतो आणि पाच मिनिटांत फोन येतो. भिंत साबणाच्या पाण्याने पुसा, फडकं पिवळं निघालं तर समजा भिंतीने धूर प्यायलाय. हे सीझनभर चाललं असेल, बेडच्या वरची भिंतच पिवळी पडली असेल, तरच रंगकाम, पण तेव्हाही आधी धुणं, मग डाग अडवणारा ऑइल बेस प्रायमर आणि मग रंग. पेंटर म्हणेल डायरेक्ट दोन हात मारू, ऐकू नका, पिवळा डाग आणि वास दोन्ही पाण्याच्या रंगातून बाहेर येतात.

कुत्र्या-मांजराची लघवी हा वेगळा प्रकार, आणि इथे एन्झाइम क्लीनरला तोड नाही. लघवीतलं युरिक अॅसिड साबणाने सुटत नाही, एन्झाइम ते फोडतं, पण त्याला वेळ लागतो, डाग पूर्ण ओला करून तसाच ठेवायचा आणि आपोआप सुकू द्यायचा, लगेच पुसला तर पैसे पाण्यात. आपल्याकडची सवय म्हणजे कामवाल्या मावशी आधी फिनेल नाहीतर ब्लीच ओततात, मग त्यावर एन्झाइम टाकून काय उपयोग, ते धड कामच करत नाही, आणि लघवीवर ब्लीच पडलं तर विषारी वाफा निघतात ते वेगळंच. व्हिनेगर स्वस्त आहे, पण फरशी कोटा, कडप्पा किंवा मार्बलची असेल तर आंबट दगडाला खातं, पॉलिश जातं, मग वास गेला पण फरशी डागाळली. टॉयलेट क्लीनर तर त्याहून वाईट.

पावसाळ्यातला कुबट वास मात्र गेस्टच्या माथी मारू नका, तो आपलाच. कापूर, डांबर गोळ्या, रूम फ्रेशनर हे सगळं वासावर वास. कोळशाच्या पिशव्या कपाटात ठीक, हॉलला पुरत नाहीत. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला वाव मिळत नाही, आणि लोणावळ्याच्या जुलैमध्ये खिडकी उघडून ती खाली येणं शक्य नाही, उलट वाढते. म्हणून मी डीह्युमिडिफायरच्या (हवेतला ओलावा ओढून पाणी टाकीत जमा करणारं यंत्र) बाजूने आहे, महाग पडतो पण बंद घरात चालतो, पाइप बाथरूमच्या जाळीत सोडला की टाकी रिकामी करायला कोणी लागत नाही आणि ट्रॅपही ओला राहतो. एसीचा ड्राय मोड दुसरा पर्याय, गेस्ट असतानाचा. भिंतीवर काळी बुरशी धरली असेल तर यातलं काहीच नाही, आधी गळती शोधा, टेरेसचं वॉटरप्रूफिंग मे मध्येच उरकायचं.

गाद्यांचं सांगायचं तर फोमची गादी एकदा आतपर्यंत भिजली की टाकूनच द्यावी लागते. कापसाची असेल तर ऊन दाखवा, नाहीच गेला वास तर उसवून, खराब कापूस काढून, पिंजून नवीन खोळ घालून मिळते. केअरटेकरच्या खोलीत मी म्हणूनच कापसाचीच ठेवलीय. गेस्टना फोमच लागते, मग वॉटरप्रूफ कव्हर घालाच.

राहिले पैसे. व्हॉट्सअॅपवरून थेट बुकिंग असेल तर डिपॉझिट बेस्ट, चेकइनला यूपीआयवर घ्यायचं आणि गेस्ट गेटबाहेर पडायच्या आत खोल्या बघून परत करायचं. अडचण अशी की वास तेव्हा कळत नाही, सगळ्या खिडक्या उघड्या असतात, म्हणून आधी दारं-खिडक्या बंद करून मग आत या. एअरबीएनबी या बुकिंग अॅपवरून गेस्ट आला असेल तर क्लेमचा, म्हणजे अॅपवरूनच भरपाई मागण्याचा रस्ता, गेस्ट निघाल्यापासून १४ दिवसांत टाकावा लागतो, आधी गेस्टला विचारणा जाते, त्याने २४ तासांत पैसे दिले नाहीत किंवा नाही म्हटलं की कंपनीला मधे घेता येतं. तिथे धुराच्या वासासाठी लागलेलं जादा क्लीनिंग मागता येतं, पण वासाचा फोटो निघत नाही ना! मग ग्लासात विझवलेली थोटकं, चादरीला पडलेलं भोक, एसीवाल्याची तारखेसहित पावती, आणि अॅपमधल्याच चॅटवर गेस्टने लिहिलेलं "सॉरी, आत ओढली" असं काहीतरी, हे हाताशी हवं, आणि फोटो पुढचा गेस्ट यायच्या आत काढलेले हवेत. रोजच्या वापराची झीज मिळत नाही, सोफा जुना झाला म्हणून क्लेम टाकू नका.

छोट्या नुकसानीला, दोन चादरी, एक जेट सर्व्हिस, डिपॉझिट सोपं. गादी किंवा रंगकामापर्यंत गेलं तर पाच हजारांचं डिपॉझिट कुठेच पुरत नाही, तिथे क्लेमची कटकट परवडते. आणि "आत सिगारेट चालणार नाही" एवढंच लिहून थांबू नका, गॅलरीत चालेल हेही लिहा आणि तिथे अॅश-ट्रे ठेवा, नाहीतर थोटकं तुळशीच्या कुंडीत सापडतात.